व्हर्नेलनं न वाचलेलं पुस्तक

आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी, प्रार्थनेच्या आधी, आम्ही बायका मागच्या सभागृहात जमतो आणि एकेकीनं उठून तीन पुस्तकांची साक्ष द्यायची असते. हातात कुठलं आहे, झालं कुठलं, आणि पुढचं कुठलं. साक्ष हा शब्द मी उगीच वापरत नाही. आठवडाभरात देवानं काय दिलं हे सांगायला जशा आम्ही उभ्या राहतो, तशाच पुस्तकासाठीही राहतो. पुस्तक छातीशी धरायचं, बोलायचं, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. पुस्तक कुठलंही असो. मागे बर्निसनं मधुमेहाच्या पथ्याच्या पुस्तकाची साक्ष दिली होती. साखर सोडणाऱ्या माणसाला देव कसं बळ देतो यावर ती अशी रंगली, की आम्ही पाय आपटून दाद दिली आणि मग सगळ्यांनी मिळून केक खाल्ला.

आमेनवरच वाढलेली माणसं आम्ही. आमचे रेव्हरंड टॉलिव्हर रविवारी बोलायला उभे राहतात तेव्हा आधी नुसतं बोलतात. चष्मा पुसतात, खोकतात, घरी बायको काय म्हणाली ते सांगतात. मागून कुणीतरी म्हणतं, "सावकाश, रेव्हरंड, सावकाश." मग वाक्याच्या शेवटी एक श्वास पडायला लागतो. त्या श्वासाच्या जागी ऑर्गन हळूच एक सूर ठेवतो. पुढचं वाक्य त्या सुरावरून उठतं, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते आपल्याला कळतच नाही. त्या घटकेसाठी माझा जीव आठवडाभर टांगलेला असतो, खोटं कशाला सांगू. रेव्हरंड स्वतः म्हणतात, "मी घरून अर्धंच प्रवचन आणतो. उरलेलं तुम्ही माझ्याकडून काढून घेता."

व्हर्नेलकडून त्या बुधवारी आम्ही जे काढून घेतलं, त्यातलं काहीच तिनं घरून आणलेलं नव्हतं.

व्हर्नेल गेन्स माझ्या समोरच्या घरात राहते. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती गाडी चालवत नाही, म्हणून तिला चर्चला आणणं-नेणं माझ्याकडे. रविवारी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून ती चर्चच्या दारात उभी असते. येईल त्याला कोपराला धरून आत नेऊन बसवते. अशर मंडळाची प्रमुख आहे ती, आणि आमच्या गावात, जॉर्जियातल्या या लाल मातीत, त्याला मोठा मान आहे. तिचे यजमान डीकन ॲमॉस, म्हणजे आमच्या चर्चचे कारभारी, चार वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी रेनिटा. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना ती डेट्रॉइटला मावशीकडे निघून गेली, ती गावाकडे फिरकली नाही. बापाच्या अंत्यविधीलाही आली नाही. "मोठ्या शहराची ओढ होती तिला," एवढंच व्हर्नेल सांगायची आणि सांगताना हातमोज्यांची बोटं नीट करायची. मग पुढचं कुणी विचारत नसे.

गेल्या वसंतात कॅमिलचं पुस्तक आलं. कॅमिल म्हणजे गेन्स कुटुंबाच्या शेजारी वाढलेली पोर, रेनिटाच्या वर्गातली. आता अटलांटात असते. 'तिसऱ्या बाकावरची माणसं' असं पुस्तकाचं नाव. तिनं सभागृहात बसून सगळ्यांना सह्या करून दिल्या, आम्ही सगळ्यांनी घेतलं. कादंबरी आहे, नावं बदललेली आहेत, पण आपलं गाव आपल्याला ओळखू येणार नाही होय?

व्हर्नेलचं वाचन बेताचं. तिला ऐकायला आवडतं. स्वयंपाकघरातल्या जुन्या टेपवर गेलेल्या रेव्हरंडांची गायलेली प्रवचनं लावायची आणि घेवड्याच्या शेंगा मोडत बसायचं, हे तिचं सुख. पुस्तक घेऊन बसली की दुसऱ्या पानाला डोळा लागतो. तरी दर बुधवारी ती उठायची आणि म्हणायची, "हातात, 'तिसऱ्या बाकावरची माणसं'. झालेलं काही नाही. पुढचं, प्रभूची इच्छा असेल ते."

कोरीन आमच्या मंडळाची म्होरकी. जन्मभर तिसरीच्या वर्गाला शिकवलेली बाई, अजून आम्हालाही तिसरीतच समजते. ती म्हणायची, "व्हर्नेल, त्या बाकावर कुणी च्युइंगगम चिकटवलं होतं का गं? उठताच येत नाहीये तुला!"

सगळ्या हसायच्या. व्हर्नेलही.

पुढच्या आठवड्यात कोरीन म्हणायची, "बाई, तुझ्या नावाची पितळी पट्टीच ठोकू या त्या बाकावर."

मग एका बुधवारी कोरीन काहीच बोलली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. व्हर्नेलनं "हातात तेच" म्हटलं, आणि कोरीननं मान खाली घालून हळूच, अगदी मऊ आवाजात आमेन म्हटलं. आम्हीही तसंच म्हटलं. कारण तोवर आमच्यातल्या सगळ्याजणींचं ते पुस्तक वाचून झालं होतं.

त्यात एक डीकन आहे. तपकिरी हॅट घालतो, भजनं शिट्टीवर वाजवतो. त्याच्या मुलीला दिवस गेलेत. तो तिला घराबाहेर काढतो, बायकोला म्हणतो, दाराला कडी लाव. आणि बायको लावते. मुलगी ओसरीवर उभी, आणि जाळीच्या दारापलीकडे तिची आई कडी घालते. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून समोरच्या घराकडे पाहायचंही मला धाडस झालं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, व्हर्नेल त्या पानावर अडकली आहे. म्हणून आम्ही मऊ झालो.

व्हर्नेलला वाटलं, कोरीननं आपल्याला मंद वाचणाऱ्या पोरांच्या रांगेत बसवलं. थट्टासुद्धा करेनाशी झाली, इतकी आपली आशा सोडली. हे तिनं मला नंतर सांगितलं.

तर त्या बुधवारी ती उठली, पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाली, "हातात, गुलाबाच्या कलमांचं पुस्तक आहे. झालेलं, 'तिसऱ्या बाकावरची माणसं'."

बर्निसच्या हातातला कप हवेत राहिला.

"चांगलं पुस्तक आहे," व्हर्नेल म्हणाली.

"आमेन," कुणीतरी अगदी हळू म्हणालं.

"आपल्याच माणसांची गोष्ट आहे ही."

"आमेन."

"खरं आहे गं सगळं. अक्षर न् अक्षर खरं आहे."

"सांग, सिस्टर!" कोरीन म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

आणि व्हर्नेल चढली. मी समोर बसून पाहत होते. रविवारी रेव्हरंडांच्या बाबतीत होतं अगदी तेच झालं. वाक्याच्या शेवटी श्वास पडायला लागला. "मी तिथे होते!" ती म्हणाली. "सांग!" आम्ही म्हणालो. "मी ती माणसं पाहिलीत!" "हो, प्रभू!" "त्यातल्या एकालाही मी नाकारणार नाही! चांगल्याला नाही, वाइटालाही नाही!" बर्निस रडायला लागली. मीही रडले. व्हर्नेलच्या साक्षीतला तो वाईट माणूस म्हणजे दुसऱ्या प्रकरणातला, चर्चच्या मासे तळण्याच्या जत्रेतून टोपलीभर मासे पळवणारा इसम होता, हे आम्हाला कुठून कळणार? ती तिथवरच पोचली होती.

कोरीननं तिला गच्च मिठी मारली. मग डोळे पुसून फोन काढला. दर बुधवारी ती प्रत्येकीचा पुस्तकासकट फोटो काढून चर्चच्या फेसबुकवर टाकते, तसा व्हर्नेलचाही टाकला. खाली लिहिलं: सिस्टर व्हर्नेल म्हणतात, अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तिथे होते. मी कुणालाही नाकारणार नाही.

घरी येताना गाडीत व्हर्नेल म्हणाली, "हॅटी, कोरीननं मला एवढं का आवळलं गं? एक पुस्तक वाचलं म्हणून?"

"तू फार धैर्याचं बोललीस," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या मुलीसारखं हसू होतं.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. "इकडे ये," एवढंच म्हणाली.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. टेप बंद. पुढ्यात पुस्तक पालथं घातलेलं. चेहरा राखेसारखा.

"सकाळी रेनिटाचा फोन आला होता," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत रेनिटा वाढदिवसाला कार्ड पाठवायची, त्याखाली नुसती सही. फोन कधी नाही.

"म्हणाली, आई, मी पाहिलं तू काय म्हणालीस ते. कामावरून सुटल्यावर गाडीत बसून वाचलं, परत परत वाचलं. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तू मरायच्या आधी हे तोंडातून काढशील. आणि उद्या येते म्हणाली, हॅटी. पोरीला घेऊन येते. इमानीला. माझ्या नातीला मी फोटोतच पाहिलंय."

"देवाची कृपा!" मी म्हटलं आणि तिचे हात धरले.

"मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय. मी हो हो म्हणत राहिले. रडलेसुद्धा. फोन ठेवला आणि मग पुस्तक उघडलं, मी काय बोलले होते ते बघायला." तिनं पालथ्या पुस्तकावर तळहात ठेवला. "मी वाचलंच नव्हतं गं हे. मासे तळतात तिथपर्यंत वाचलं होतं."

बुधवारी मी जे रडले होते त्याचीच मला लाज वाटली. पण लगेच दुसरा विचार आला, आणि मी तो बोलूनही टाकला. "व्हर्नेल, हे बघ. मुलगी येतेय ना? मग झालं तर. तुझ्या तोंडून देवानंच वदवलं असेल. आता वाचलंस ना? मग आता ते खरंच झालं."

"देवाच्या नावावर माझा आळस खपवू नकोस," ती म्हणाली. "आणि खरं होत नाही ते. तेच तर आहे."

ती उठली, नळाचं पाणी प्यायली आणि माझ्याकडे पाठ करूनच पुढचं बोलली.

"पुस्तकात ॲमॉस म्हणतो, कडी लाव. ॲमॉस तसं म्हणाला नव्हता. तो ओरडला, माझ्या नजरेसमोरून चालती हो म्हणाला, आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. कडी लाव म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं. ती ओसरीवर होती. तिला वाटलं मी येईन. मीही उठले होते, तिच्याकडे जायलाच उठले होते, हॅटी. मध्ये इस्त्रीचं टेबल होतं. त्यावर माझा पांढरा गणवेश होता. दुसऱ्या दिवशी चर्चचा वर्धापनदिन, मला मंडळाची प्रमुख नेमणार होते. मनात आलं, दारातून माणसांना आत न्यायला मी उभी राहणार आणि सगळे माझ्या पोरीच्या पोटाकडे बघणार. मला लोकांची लाज वाटली. दारापर्यंत गेले आणि कडी घातली."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झालं, तशी ती पाठमोरीच पुढे बोलली.

"थोड्या वेळानं ॲमॉस बाहेर आला. म्हणाला, आली का आत? मी म्हटलं, गेली. तो ट्रक घेऊन निघाला. बसच्या अड्ड्यापर्यंत जाऊन आला. त्यानंतर त्यानं शिट्टी कधी वाजवली नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

आलं होतं. आम्हाला वाटायचं, दातांची कवळी बसवली म्हणून.

"रेनिटाला हे ठाऊक नाही?"

"तिला वाटतं बापानं सांगितलं. तिनंच कॅमिलला तसं सांगितलं असणार. पोरीनं माझ्यावर एवढी मेहेरबानी केली, आणि मी चर्चमध्ये उभी राहून अक्षर न् अक्षर खरं म्हणाले."

मी जाताना तिला एवढंच म्हटलं, की उद्या जेवून होऊ दे आधी. पोरी लांबून येतायत.

शनिवारी मी पीच कॉबलर, म्हणजे पीचचा भाजलेला गोड पदार्थ, घेऊन गेले. व्हर्नेलनं पहाटेपासून रांधलं होतं. रश्श्यातली कोंबडी, कॉलर्डची भाजी, मक्याचा ब्रेड. रेनिटा बापासारखी उंच निघाली आहे, कानाजवळ केस पिकलेत. ओसरीच्या पायऱ्यांपाशी ती जराशी थांबली. इमानी तिच्या मागून आली आणि सरळ व्हर्नेलपुढे जाऊन उभी राहिली. "मी आजी म्हणू का?" तिनं विचारलं. व्हर्नेलनं होकारार्थी मान हलवली.

जेवताना इमानीनंच घर भरून टाकलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. माझ्याकडे बघून म्हणाली, "हॅटी मावशी, तुमचे पुढचे दोन सोन्याचे आहेत ना? काय काम केलंय! आता असं कुणी करत नाही."

"पोरी, कॉबलर खाऊ दे मला, तोंडात काय बघतेस!" मी म्हटलं, आणि रेनिटा हसली. तिचं हसू पाहून व्हर्नेलनं ताटाकडे पाहिलं.

"ही भाजी," रेनिटा म्हणाली, "डेट्रॉइटमध्ये मी किती वेळा करून पाहिली. तुझ्यासारखी होतच नाही, आई. काय घालतेस?"

"टर्कीची मान. खारवलेली. आणि वेळ," व्हर्नेल म्हणाली.

"बघ, टर्कीची मान! मी पंख घालत होते." रेनिटानं फोन काढला. "हे मी कामावरच्या सगळ्यांना दाखवलंय. ज्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नाही त्यांनासुद्धा." तिनं फोन टेबलावर व्हर्नेलपुढे सरकवला.

मी वाकून पाहिलं. व्हर्नेल छातीशी पुस्तक धरून उभी, मान ताठ, चेहरा असा उजळलेला. खाली कोरीनचे शब्द. व्हर्नेल बराच वेळ आपल्याच त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन उलटा ठेवला.

"रेनिटा," ती म्हणाली, "मी हे बोलले तेव्हा पुस्तक वाचलं नव्हतं."

रेनिटाच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. "म्हणजे?"

"म्हणजे नव्हतं वाचलं. बायका माझी थट्टा करायच्या थांबल्या, मला त्याची लाज वाटली, म्हणून झालं म्हणून सांगितलं. त्या आमेन म्हणत गेल्या, मी बोलत गेले. मी मासे चोरणाऱ्या माणसाबद्दल बोलत होते."

इमानीच्या घशातून एक बारीक आवाज आला, हसण्यासारखा, आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.

रेनिटानं रुमाल टेबलावर ठेवला. "आणि आता? आता वाचलंस?"

"हो."

"मग?"

ती वाट बघत होती. तिथे कुणी "सांग, सिस्टर" म्हणणारं नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, सवयीनं, पण मी ओठ दाबून धरले. व्हर्नेलला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. शुक्रवारी मला सांगितलं तेच तिनं सांगितलं, पण त्या दिवशी पाठ करून सांगितलं होतं, आज समोर बघून. इस्त्रीचं टेबल, गणवेश, कडी. "तुझ्या बापानं मला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तो नंतर तुला शोधायला गेला होता. बसच्या अड्ड्यापर्यंत. हात माझा होता आणि मनही माझंच होतं."

रेनिटा बोलली तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा होता.

"तू स्वतःहून असं करशील हे माझ्या मनातच आलं नाही कधी. कडीचा आवाज आला, मला वाटलं बाबा मागे उभे असतील. मी कॅमिलला सांगितलं, बाबांनीच लावायला लावली. तिनं विचारलं, तू ऐकलंस का? मी म्हटलं, ऐकायला कशाला हवं, माझी आई तशी नाही." ती उठून उभी राहिली. "मी त्यांच्या अंत्यविधीला आले नाही, आई. मावशीनं तिकीट काढून दिलं होतं, ते मी परत केलं. म्हटलं, ज्यानं माझ्यावर दार लावलं त्याच्या पेटीमागून मी चालणार नाही."

"ठाऊक आहे," व्हर्नेल म्हणाली.

"नाही, तुला ठाऊक नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "हॅटी मावशी, ते कुठे आहेत?"

"चर्चच्या मागे. पेकानच्या झाडांकडे."

"मला नेता?"

व्हर्नेल टेबलाचा आधार घेऊन उठायला लागली. रेनिटा तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू इथेच थांब."

मी दोघींना घेऊन गेले. डीकन ॲमॉसच्या दगडाशी मी त्यांना सोडलं आणि दूर झाडाखाली जाऊन उभी राहिले. आम्ही त्या माणसाला मनातल्या मनात केव्हाच दोषी ठरवलं होतं. पुस्तक वाचल्यावर मी त्याच्या दगडावर फुलं ठेवायची सोडली होती. इमानी आईच्या खांद्यावर हात ठेवून होती. मग रेनिटा खाली बसली, सरळ गवतात, चांगल्या कपड्यांनिशी, आणि रडली. मी मनात प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द जुळेनात. रेव्हरंड असते तर त्यांनी कुठला सूर लावला असता, तेही सुचेना.

परत आल्यावर रेनिटा गाडीतून उतरली ती सरळ आपल्या गाडीत जाऊन बसली. इमानी सामान आणायला आत गेली. मी खिडकीशी वाकले.

"उद्या चर्चला या गं. सगळ्यांनी तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

"उद्या जमणार नाही, मावशी. उद्या तिथे सगळे मला मिठ्या मारतील. कशाबद्दल मारतील?" तिनं चावी फिरवली. "तिला सांगा मी फोन करेन. कधी ते विचारू नका. ती खोटं बोलली असती तर मी उद्या तिच्या शेजारी बसले असते, हे मला कळतंय. तिलाही कळत होतं. तेवढं तिला सांगा."

इमानी पिशव्या घेऊन आली. तिनं ओसरीकडे बघून हात हलवला. व्हर्नेल जाळीच्या दारात उभी होती. ते दार सताड उघडून, पायानं अडवून धरलं होतं तिनं, आणि माश्या आत जात होत्या. तिनं हात हलवला नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी ती तशीच होती.

मी तिला आत आणून बसवलं आणि रेनिटा जे म्हणाली ते शब्द न बदलता सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोरीनला फोन लाव. तो फोटो काढून टाक म्हणावं."

"काय कारण सांगू?"

"सांग, व्हर्नेलनं वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर बोलायला उभी राहिली नसती."

मी लावला. कोरीनला सांगितलं. तिनं विचारलं, "मुलगी?"

"गेली," मी म्हटलं.

"मी येऊ का तिकडे?"

मी व्हर्नेलकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "आज नको. बुधवारी मी सगळ्यांसमोर बोलेन म्हणावं. फक्त त्या दिवशी कुणी आमेन म्हणू नका."

मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. ती टेबलाशीच बसून होती. चार ताटांतलं अन्न गार झालेलं, कॉबलर अर्धा.

"हॅटी," ती थोड्या वेळानं म्हणाली, "रडली का ती? तिथे?"

"रडली."

"खूप?"

"खूप रडली."

व्हर्नेलनं डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली. "ॲमॉसच्या वाट्याचं होतं ते. इतकी वर्षं मी अडवून ठेवलं होतं."

मग ती उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मी धुतलेली ताटं पुसायला लागली.